वर्तुळाच्या आधीचे दिवस

स्वयंपाकघराच्या भिंतीवरच्या या कॅलेंडरवर दुधाचे खाडे लिहिले आहेत, गॅस सिलिंडर लावल्याची तारीख आहे, आणि दर महिन्याला एका तारखेभोवती निळ्या शाईचे लहानसे वर्तुळ आहे. ते कशाचे, हे घरातल्या बायकांना विचारावे लागत नाही. मात्र वर्तुळाच्या आधीचे आठ-दहा दिवस कोरे आहेत. ज्या रात्री झोप लागली नाही, ज्या दुपारी भाजी चिरता चिरता रडू फुटले, ज्या दिवशी जगणेच नकोसे वाटले, त्यांची नोंद कुठेही नाही. आणि पाळी सुरू झाली की दोन-तीन दिवसांत सारे निवळते, म्हणून ते विसरलेही जाते.

दीर्घकाळ असा समज होता की, या त्रासाचे मूळ संप्रेरकांच्या बिघडलेल्या प्रमाणात असावे. १९९८ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेतील पीटर श्मिट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या प्रयोगाने या समजाला धक्का दिला. औषध देऊन बीजांडकोशांचे काम तात्पुरते थांबवल्यावर, पाळीपूर्वी तीव्र त्रास होणाऱ्या अनेक स्त्रियांची लक्षणे ओसरली. पुढे इस्ट्रोजेन किंवा प्रोजेस्टेरॉन दिल्यावर ती परतली. मुळात त्रास नसलेल्या स्त्रियांना हीच संप्रेरके दिली, तेव्हा त्यांच्या मनःस्थितीत तसा बदल झाला नाही. म्हणजे संप्रेरकांचा चढउतार नेहमीचाच असतो, काही जणींचा मेंदू त्याला वेगळा प्रतिसाद देतो. अशा बाईला ‘नाटकी’ म्हणणे हा केवळ उद्धटपणा नाही, ते चुकीचेही आहे. या तीव्र प्रकाराला, म्हणजे पीएमडीडीला (प्रीमेन्स्ट्रुअल डिस्फोरिक डिसऑर्डर), अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या निदानपुस्तिकेत २०१३ मध्ये स्वतंत्र स्थान मिळाले.

पाळीतील कळांचे कारण याहून वेगळे आहे. गर्भाशयाच्या अस्तरातून स्रवणाऱ्या प्रोस्टाग्लँडिनमुळे गर्भाशयाचे स्नायू आवळतात आणि ओटीपोटात कळ येते. ही वेदना खरी असते, पण ती किती असह्य वाटेल हे झोप, चिंता आणि आधीच्या अनुभवांची भीती यांवरही अवलंबून असते. उलट महिन्यामागून महिने सोसलेली वेदना मनाला खचवते.

शरीराच्या आतून येणाऱ्या संवेदना ओळखण्याच्या क्षमतेला आंतरसंवेदन म्हणता येईल, आणि येथे एक बारीक फरक ध्यानात घ्यावा लागतो. ‘आता काय होईल’ या धास्तीने शरीरावर पहारा ठेवणे आणि जे होते आहे ते जसेच्या तसे ओळखणे या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीमुळे जीव घाबरा होतो, अंग आखडते, कळ वाढल्यासारखी वाटते. दुसरीसाठी मराठीत शब्दांची वाण नाही: कळ, ठणका, मुरडा, ओढ लागणे, पिंडऱ्या वळणे, अंग मोडून येणे. तरीही मुलीला बहुधा ‘पोटात दुखतंय’ एवढेच म्हणायला शिकवले जाते, आणि तेही हळू आवाजात.

पीएमडीडीच्या निदानासाठी डॉक्टर किमान दोन पाळीचक्रांची रोजची नोंद मागतात, कारण मागाहून आठवलेला महिना फसवा असतो. लक्षणे पाळीपूर्वीच्या दिवसांतच येऊन नंतर मावळत असतील, तर पीएमडीडीचा विचार होतो. ती महिनाभर असून पाळीपूर्वी केवळ वाढत असतील, तर मुळातले नैराश्य किंवा चिंताविकार शोधावा लागतो. हा फरक उपचारही बदलतो: नैराश्यात काही आठवड्यांनी गुण देणारी एसएसआरआय गटातील (मेंदूतील सेरोटोनिन या रसायनावर काम करणारी) औषधे पीएमडीडीमध्ये काही दिवसांतच परिणाम दाखवू शकतात, आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने ती चक्राच्या केवळ उत्तरार्धातही घेता येतात. शाळा किंवा काम बुडवणारी वेदना मात्र मनावर ढकलू नये. तिच्यामागे एंडोमेट्रिओसिससारखा, म्हणजे गर्भाशयाच्या अस्तरासारखे अस्तर गर्भाशयाबाहेर वाढण्याचा, आजार असू शकतो. आणि जीव देण्याचे विचार येत असतील, तर पाळी येण्याची वाट न पाहता १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर, म्हणजे मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारी मदतवाहिनीवर, बोलावे.

कॅलेंडरच्या खिळ्याला आता एक छोटी वही अडकवलेली आहे. तिच्यातल्या एका पानावर, झोपण्यापूर्वी घाईने लिहिलेल्या अक्षरांत, एवढेच आहे: ‘बाविसावा दिवस. कळ नाही. कंबर जड. संध्याकाळी मुलावर ओरडले, कारण किरकोळ. झोप चार तास.’