मद्रासचा राफेल आणि कार्लोची मतदार यादी

श्रोतेहो, नमस्कार. एकोणिसाव्या शतकातील आयर्लंडच्या निवडणुकांविषयी आज बोलायचे आहे. आरंभीच एक गोष्ट सांगून ठेवतो, कारण ती मी पुन्हाही सांगणार आहे: तेथे निवडणूक जिंकली जाई ती मतदानाच्या दिवशी नव्हे, तर नोंदणीच्या दिवशी.

१८२९ साली कॅथलिकांना ब्रिटिश संसदेचे दार उघडले, पण त्याच वेळी ग्रामीण मतदाराची पात्रता चाळीस शिलिंगांवरून (म्हणजे दोन पौंडांवरून) दहा पौंडांवर नेण्यात आली. काउंटी, म्हणजे जिल्हा, मतदारसंघांतील दोन लाखांच्या घरातील मतदार एका फटक्यात चाळीस हजारांच्या आत आले. एका हाताने दिले आणि दुसऱ्या हाताने काढून घेतले. शाळेच्या पुस्तकांत पहिला हात मोठ्या अक्षरांत छापतात आणि दुसरा तळटिपेत टाकतात, ही माझी जुनी तक्रार आहे.

आता हे दहा पौंड म्हणजे काय? जमिनीचा खंड देऊन कुळाच्या पदरात वर्षाला दहा पौंड उरले पाहिजेत, असा ढोबळ अर्थ. पण उरले ते कोणाच्या हिशेबाने? कूळ स्वतः राबून जे मिळवते ते धरायचे, की दुसरा एखादा ऐपतदार माणूस त्याच जमिनीसाठी चालू खंडाहून जे जास्त द्यायला तयार होईल तेवढेच धरायचे? यावर न्यायाधीशांचेच एकमत नव्हते. त्यामुळे एका काउंटीत जो मतदार ठरे, तोच शेजारच्या काउंटीत अपात्र ठरू शके.

नोंदणीसाठी कुळाला असिस्टंट बॅरिस्टर नावाच्या न्यायाधिकाऱ्यासमोर उभे राहून, आपली जमीन किती मोलाची आहे हे शपथेवर सांगावे लागे. त्याच कचेरीत जमीनदाराचा कारभारी कान टवकारून बसलेला असे. उत्पन्न जास्त सांगावे तर पुढच्या पट्ट्याला खंड वाढायची भीती, कमी सांगावे तर मत गेले. यातून जो पार पडे त्याला दाखला मिळे, आणि तो दाखला आठ वर्षे चाले. पुन्हा सांगतो, आठ वर्षे. मधल्या काळात माणूस मरो, जमीन सोडो, देशांतर करो, कागद जिवंतच राहत असे. मृताचा दाखला घेऊन दुसराच कोणी मत देऊन जाई. एकाच माणसाच्या नावावर दोन दोन दाखले निघत. ज्याचा अर्ज फेटाळला त्याला अपील होते आणि पुढच्या सत्रात पुन्हा अर्जही करता येई. पण अपात्र माणूस यादीत शिरला, तर त्याविरुद्ध हरकत घेणाऱ्याला अपील नव्हते. अशा बनावट मतांची चौकशी करण्यासाठी १८३७ साली कॉमन्स सभेला, म्हणजे संसदेच्या कनिष्ठ सभागृहाला, स्वतंत्र समिती नेमावी लागली. दोन्ही पक्षांचे हात यात काळे झालेले होते, हेही सांगितले पाहिजे.

आता ज्या हकिकतीसाठी मी खरे तर आज आलो आहे, तिच्याकडे वळतो. अलेक्झांडर राफेल हा आपल्या मद्रासेत जन्मलेला, आर्मेनियन व्यापारी घराण्यातला, धर्माने कॅथलिक असा धनिक गृहस्थ. तो लंडनला स्थायिक झाला आणि १८३४ साली तेथला शेरीफ झाला. शेरीफपद मिळाल्यावर त्याला खासदारकीची ओढ लागली. तिकडे आयर्लंडमधील कार्लो काउंटीत १८३५च्या जानेवारीत हेन्री ब्रूएन आणि थॉमस कॅव्हनॉ हे दोन टोरी, म्हणजे पुराणमतवादी पक्षाचे उमेदवार, निवडून आले होते, पण याचिकेवरून त्यांची निवड रद्द झाली आणि दोन्ही जागा रिकाम्या पडल्या. आयरिश नेते डॅनिअल ओ'कॉनेल यांना तेथे खर्च सोसू शकेल असा उमेदवार हवा होता. जूनच्या आरंभी त्यांनी राफेलला व्यवहार लिहून कळवला: उमेदवारी जाहीर होताच एक हजार पौंड, निवडून येताच आणखी एक हजार, आणि मग निवडणुकीचा खर्च असो वा पुढे येणाऱ्या याचिकेचा, राफेलवर दुसरा बोजा नाही.

राफेलच्या जोडीला निकोलस व्हिगर्स हा दुसरा उमेदवार होता. हा मूळचा पक्षिशास्त्रज्ञ, लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेचा पहिला सचिव. दोघेही पन्नासएक मतांच्या फरकाने निवडून आले. पहिला हजार पोहोचला होता. दुसऱ्या हजाराला राफेलने चालढकल केली, ओ'कॉनेल यांनी तगादा लावला, आणि अखेर तोही पोहोचला.

तोवर ब्रूएन आणि कॅव्हनॉ यांची याचिका दाखल झालीच होती. अशा याचिका तेव्हा न्यायालयात जात नसत. कॉमन्स सभेतून चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या सभासदांची समिती त्या ऐके, आणि चिठ्ठीत कोणत्या पक्षाचे लोक जास्त निघाले यावर निकालाचा अर्धा रंग ठरे. नोंदणी झाली म्हणजे मत पक्के, असे एक समिती म्हणे. दुसरी यादीच उकलून दहा पौंडांचा हिशेब नव्याने मांडायला घेई. कार्लोच्या समितीने यादी उकलली. एकेक कूळ, एकेक शेत, एकेक मत खोडले जाऊ लागले. ऑगस्टमध्ये पारडे फिरले आणि ब्रूएन व कॅव्हनॉ पुन्हा आपल्या जागांवर जाऊन बसले. म्हणजे दोन हजार पौंड मोजून राफेलच्या वाट्याला खासदारकी आली ती जेमतेम दोन महिन्यांची.

राफेल संतापला. आपला बचाव अर्ध्यावर सोडला गेला, असे म्हणत त्याने तो सारा पत्रव्यवहार वर्तमानपत्रात छापून टाकला. ओ'कॉनेल मतदारसंघ विकतात, असा टोरींनी गिल्ला केला. १८३६ साली संसदीय चौकशी झाली, आणि पैसा ओ'कॉनेल यांच्या खिशात राहिला नव्हता, तो व्हिगर्समार्फत निवडणुकीच्याच कामी लागला होता, असे निष्पन्न झाले. पत्राच्या भाषेला मात्र समितीने दोष दिला. इतक्या निष्णात वकिलाने पैशाची गोष्ट शाईने लिहावी, याचे मला आजही नवल वाटते. त्याच वर्षी मे महिन्यात, निवडणुकीनंतर सोळा महिन्यांनी, मत-तपासणीअखेर डब्लिन शहराची ओ'कॉनेल यांची स्वतःची जागाही याचिकेत गेली आणि त्यांना किल्केनीहून निवडून यावे लागले. निवडणूक मतदानाच्या दिवशी जिंकली जात नसे, असे मी म्हणालो ते यासाठी.

१८४० साली लॉर्ड स्टॅनली यांनी यादीची दरवर्षी तपासणी करण्याचे विधेयक आणले. त्याने बनावट नावांबरोबर गरीब कुळांची खरी नावेही जातील, असा ओ'कॉनेल यांचा विरोध होता, आणि ते बारगळले. अखेर १८५०च्या कायद्याने शपथेऐवजी गरीब-निधी कराच्या, म्हणजे गरिबांच्या मदतीसाठी बसवलेल्या कराच्या, मूल्यांकनावरून यादी तयार होऊ लागली: काउंटीत १२ पौंड, शहरांत ८ पौंड. दहा पौंडांचा हिशेब कुळाच्या जिभेवरून करवहीत गेला आणि मतदार तिपटीहून अधिक वाढले. मत मात्र १८७२पर्यंत सर्वांदेखत उच्चारूनच द्यावे लागे, आणि पैसाही वाहतच राहिला. स्लायगो आणि कॅशेल या दोन शहरांचे मतदारसंघ भ्रष्टाचारापायी १८७०मध्ये रद्दच झाले.

राफेलचे पुढे काय झाले, ते राहिले. १८४७ साली तो इंग्लंडमधील सेंट अल्बन्सचा खासदार झाला आणि १८५०च्या नोव्हेंबरमध्ये वारला. त्याच्या रिकाम्या जागेसाठी जी पोटनिवडणूक झाली, तिच्यात इतकी लाच चालली की १८५२ साली संसदेने सेंट अल्बन्सचा मतदारसंघच मोडून टाकला.