तारीख आधी, टेम्पो नंतर

नमस्कार श्रोतेहो.

घर बदलायचं पक्कं झालं की बहुतेक जण पहिला फोन टेम्पोवाल्याला लावतात. त्याच्या सोयीची तारीख मिळते, आणि मग लक्षात येतं की त्याच आठवड्यात ऑफिसात प्रोजेक्टची डिलिव्हरी आहे, शनिवारी मावसबहिणीच्या मुलाची मुंज आहे आणि रविवारी कॉलेजचा ग्रुप भेटायचा ठरलाय. सामान एका दिवसात जातं हो, पण त्याच्या आधीचे पंधरा दिवस आणि नंतरचे आठ-दहा दिवस घरातल्या माणसांची ओढाताण चालू असते. म्हणून आज बोलायचंय ते सगळ्यात जास्त तारखेबद्दल.

एक मोठा कागद घ्या आणि पुढच्या दीड महिन्याचे दिवस त्यावर मांडा. आधी कामाच्या न हलणाऱ्या तारखा लाल शाईने लिहा. अकाउंट्सचं काम करणाऱ्यांना हे पाठच असतं: जीएसटीची विवरणपत्रं, ११ तारखेला जीएसटीआर-१, २० तारखेला जीएसटीआर-३बी. तेव्हा महिन्याचे पहिले वीस दिवस त्यांच्यासाठी बाद, आणि मार्चअखेर, जुलैचा उत्तरार्ध तर विचारातच घेऊ नका. आयटीवाल्यांनी रिलीजचा दिवस तर लिहावाच, पण त्याच्या पुढचे दोन दिवसही लिहावेत, कारण तक्रारी तेव्हाच येतात. शिक्षक मंडळींनी पेपर तपासणीचा आठवडा लिहावा. यानंतर दुसऱ्या रंगाने माणसांच्या तारखा: सख्ख्यांचं लग्न, मुंज, घरचा गणपती. चुकवताच येणार नाही एवढंच लिहायचं. भिशी, वाढदिवसाचं जेवण, सवाई गंधर्व महोत्सवाची तिकिटं, ट्रेक, हे सगळं पेन्सिलने. त्याचं काय करायचं ते पुढे सांगतो.

आता तिसरं कॅलेंडर, खास पुण्याचं. आपल्याकडे लिव्ह अँड लायसन्सचे, म्हणजे भाड्याच्या घरांचे, करार बहुधा ११ महिन्यांचे असतात आणि बरेचसे १ तारखेला सुरू होतात. त्यामुळे ३०, ३१ आणि १ या तारखांना अख्खं शहर घर हलवत असतं. टेम्पो मिळत नाही, मिळाला तर आधीचं एक घर उतरवून दमलेली माणसं दुपारी तीनला तुमच्या दारात येतात, आणि कपाटाचे कोपरे फुटतात ते अशा तिसऱ्या प्रहरीच. शक्य असेल तर ८ ते २२ च्या मधला दिवस धरा. दसरा, पाडवा, अक्षय्यतृतीया यांच्या आसपासही तीच गर्दी असते. उलट पितृपंधरवड्यात बरेच लोक नव्या घरात जायचं टाळतात. ज्यांच्या घरी हे पाळत नाहीत, त्यांना त्या दिवसांत हवा तो टेम्पो आणि हवी ती वेळ मिळते.

पेठांमधून निघणाऱ्यांनी किंवा पेठांत येणाऱ्यांनी गणेशोत्सवाचे दिवस टाळावेतच. मांडव, वळवलेली वाहतूक आणि संध्याकाळची गर्दी यांत चौदा फुटी गाडी आत येणं अवघड असतं. पालख्या पुण्यात मुक्कामाला असतात, ज्ञानोबांची भवानी पेठेत आणि तुकोबांची नाना पेठेत, तेव्हाही पूर्व भागातले रस्ते बंद असतात. त्यात ज्येष्ठातला पाऊस.

आणि गुरुवार. पाणीपुरवठ्याची देखभाल-दुरुस्ती महापालिका बहुधा गुरुवारी काढते, आणि निवेदनातलं पुढचं वाक्य प्रत्येक पुणेकराच्या कानात आहे: शुक्रवारी सकाळी उशिरा आणि कमी दाबाने पाणी येईल. बुधवारी घर हलवलंत आणि दुसऱ्या दिवशी धुळीने माखलेल्या ओट्यापुढे कोरड्या नळाशी उभे राहिलात, असं होऊ देऊ नका. पाणी बंद नसेल त्या आठवड्यातला शुक्रवार नोकरदारांना सगळ्यात सोयीचा. शुक्रवारी सामान, शनिवारी स्वयंपाकघर, रविवारी कपडे, सोमवारी कामावर. त्या आठवड्यात पाणी बंदचं निवेदन आलं तर शनिवार धरा.

या सगळ्यातून दोन-तीन तारखा उरतील. त्यांतली एक निवडताना आमचा एक आग्रह आहे: दोन्ही घरांच्या किल्ल्या आठवडाभर तरी एकाच वेळी हातात असू द्या. भाडं २४,००० असेल तर दिवसाचे ८०० होतात, सात दिवसांचे ५,६००. लोक हे पैसे वाचवायला जातात आणि त्यापायी एका दिवसात जुनं घर रिकामं करणं, नवं घर झाडणं, इलेक्ट्रिशियन गाठणं, इंटरनेट जोडून घेणं, सगळं कोंबतात. तो दिवस कधीच एका दिवसात संपत नाही, मग जास्तीची सुट्टी जाते आणि डेडलाइनही जाते. या आठवड्यात रिकाम्या घरात पंखे लागतात, कडीकोयंडे दुरुस्त होतात, ब्रॉडबँडचा माणूस येऊन जातो, पाण्याचा आरओ फिल्टर भिंतीवर चढतो. दूध उतू घालायचं असेल तर तेही याच दिवसांत एखाद्या सकाळी करून घ्या. आई-बाबांना, सासू-सासऱ्यांना बोलवा, एक सतरंजी, एक पातेलं आणि पेढ्यांचा पुडा पुरतो. खोक्यांच्या ढिगाऱ्यात ज्येष्ठांना उभं करण्यापेक्षा हे कितीतरी छान होतं.

कराराचं थोडक्यात. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची असते. नोंदणी ऑनलाइन होते. एजंट अंगठ्याचं यंत्र घेऊन घरी येतो, त्यामुळे सुट्टी घेऊ नका, संध्याकाळची वेळ मागा. मात्र मालक, भाडेकरू आणि दोन साक्षीदार यांची वेळ जुळवायलाच आठवडा जातो, म्हणून हे काम पहिलं काढा. भाडेकरूची माहिती पोलिसांना ऑनलाइन द्यायची असते, ती दिली गेली ना हे मालकांना विचारा. नव्या सोसायटीत सामान आणायची वेळ ठरलेली असते, लिफ्टसाठी पत्र लागतं, रविवारी मनाई असू शकते. सेक्रेटरींना टेम्पो ठरवण्याआधी भेटा.

ऑफिसात काय सांगायचं? 'घर बदलतोय, जरा बघून घ्या' एवढ्यावर कोणी काही बघून घेत नाही. दहा दिवस आधी तारखांसकट लिहून द्या: शुक्रवारी पूर्ण सुट्टी, सोमवारी दुपारी बारापर्यंत कॉल नाही, माझं अमुक काम बुधवारीच देतो. तो सोमवारचा अर्धा दिवस फार मोलाचा आहे. सगळे जण सामान जायच्या दिवसाची सुट्टी घेतात, पण गॅसवाला, सुतार, केबलवाला हे नंतरच यायचे असतात. नव्या घरात इंटरनेट आधीच सुरू करून प्रत्येक खोलीत मोबाईलची रेंजही बघून ठेवा. आणि लॅपटॉप, चार्जर, ऑफिसचं ओळखपत्र, करार, दागिने, औषधं यांची एक पाठपिशवी टेम्पोत कधीच चढू देऊ नका.

आता पेन्सिलीने लिहिलेल्या तारखा. सामान हलायच्या आधीचे दहा आणि नंतरचे सात दिवस त्या सगळ्या पुसा, पण ज्यांना नाही म्हणताय त्यांना पुढची तारीख लगेच द्या. 'बघतो, जमलं तर येतो' हे सगळ्यात वाईट. समोरचा वाट बघतो आणि तुमच्या डोक्यात ते टोचत राहतं. 'या शनिवारी जमणार नाही, पण २५ तारखेला नव्या घरी पावभाजीला या,' असं म्हटलंत की माणूस दुखावत नाही. मदत करू म्हणणाऱ्या मित्रांना कपाटं उचलायला लावू नका. ते हमालांचं काम आहे, त्यात पाठ धरते आणि भिंतही खरवडते. मित्रांना खरी कामं द्या: एकाने नव्या घरी थांबून कोणतं खोकं कुठल्या खोलीत ते सांगायचं, एकीने दिवसभर मुलांना सांभाळायचं, एकाने दुपारी डबा आणायचा.

बांधाबांध रोज पाऊण तास. त्यात दोन खोकी होतात, पंधरा दिवसांत तीस. दोन बेडरूमच्या भरल्या घरात चाळीस-पन्नास खोकी सहज लागतात, उरलेली स्वयंपाकघराची आणि रोजच्या कपड्यांची, ती शेवटच्या दोन दिवसांत. दोरी, टेप, बबल रोल रविवार पेठेतल्या बोहरी आळीत मिळतील. खोक्याच्या तळाला मधल्या फटीवर टेपच्या दोन पट्ट्या आणि दोन्ही कडांना आडवी एकेक, नाहीतर उचलताना तळ सुटतो. पुस्तकं कायम लहान खोक्यात. दीड फुटी खोकं पुस्तकांनी गच्च भरलं तर ते पन्नास किलोंच्या वर जातं, आणि मग ते उचलत नाहीत, फरफटतात. काचेच्या बशा आडव्या एकावर एक रचू नका, कागदात गुंडाळून उभ्या लावा. आडव्या गठ्ठ्यात सगळा भार तळच्या बशीवर येतो. भरलेलं खोकं हलवून बघा, आत काही खुळखुळलं तर जुने टॉवेल कोंबा. नाव वर लिहू नका, दोन बाजूंना लिहा, कारण थप्पी लागली की वरची बाजू दिसत नाही. नाव नव्या घरातल्या खोलीचं.

यंत्रांकडे जरा जास्त लक्ष द्या. फ्रिज आदल्या रात्री बंद करून रिकामा करा, मागच्या तबकातलं पाणी ओता आणि उभाच न्या. आडवा झाला की कॉम्प्रेसरमधलं तेल नळ्यांत शिरतं, आणि लगेच सुरू केला तर कॉम्प्रेसर जळू शकतो. उभा आणला असेल तरी दोन-तीन तास थांबा, आडवा आणला असेल तर उभा करून पूर्ण दिवस. फ्रंट लोड वॉशिंग मशीन नवीन आलं तेव्हा मागे लांब ट्रान्झिट बोल्ट होते, ते शोधा आणि परत बसवा. ते नसले की रस्त्याच्या प्रत्येक खड्ड्यात ड्रम स्प्रिंगांवर आपटतो. समोर खालच्या झाकणातून उरलेलं पाणी काढा, नाहीतर ते गादीवर सांडतं. इन्व्हर्टरची बॅटरी उभीच राहिली पाहिजे, टर्मिनलवर टेप लावून. पलंगाचे स्क्रू एका पिशवीत घालून ती पिशवी पलंगाच्याच फळीला चिकटवा.

गॅसचं काम दहा दिवस आधी. शहरातल्या शहरात फक्त वितरक बदलणार असेल तर सिलिंडर आणि रेग्युलेटर आपल्याकडेच राहतात, जुन्या वितरकाकडून ट्रान्सफरचा कागद घ्यायचा. दुसऱ्या गावी जाणार असाल तर दोन्ही जमा करायचे. नव्या घरात एमएनजीएलचा (महाराष्ट्र नॅचरल गॅस) पाइप गॅस असेल तर शेगडीचे जेट बदलून घ्या. सिलिंडरच्या शेगडीला बारीक भोकाचे जेट असतात. पाइप गॅसवर ते तसेच राहिले तर ज्योत मिणमिणती लागते आणि चहालाही वीस मिनिटं जातात.

टेम्पोचं ठरवताना फोनवर आकडा मागू नका. घराचा व्हिडिओ पाठवा आणि काय काय धरलंय ते व्हॉट्सॲपवर लिहून घ्या: पॅकिंग, मजला, पलंग सोडणं-जोडणं, गाडी लांब उभी राहिली तर वाढीव हमाली. पेठेतल्या बोळात मोठी गाडी येत नाही, तिथे भांडण याच शेवटच्या मुद्द्यावर होतं. छोटा हत्ती, म्हणजे लहान टेम्पो, एका खोलीच्या घराला चालतो, दोन बेडरूमना चौदा फुटी लागते. पूर्ण पैसे सामान उतरून मोजल्यावर.

'पहिली रात्र' असं मोठ्याने लिहिलेलं एक खोकं टेम्पोत सगळ्यात शेवटी चढवा, म्हणजे ते सगळ्यात आधी उतरेल. त्यात पातेलं, लायटर, चहा-साखर, चार कप, सुरी, साबण, बादलीतला मग, टॉवेल, दोन चादरी, एक्स्टेन्शन बोर्ड, पक्कड, स्क्रू ड्रायव्हर, बल्ब, कचऱ्याच्या पिशव्या, डासांची कॉइल. लोणच्याची बरणी खोक्यात नको. झाकणाखाली प्लास्टिकचा कागद लावून ती मांडीवर न्या.

जुनं घर सोडताना महावितरणच्या मीटरचा फोटो आकड्यासकट काढा, नव्या घरातल्या मीटरचाही. रिकाम्या खोल्यांचा व्हिडिओ मालकांना तिथूनच पाठवा, अनामत परत मिळताना रंग आणि नळांवरून जे वाद होतात ते बरेचसे यानेच मिटतात. पत्ते बदलताना नोंदणीकृत करार हाताशी ठेवा: आधी बँक आणि ऑफिस, मग आधार, मतदार यादीसाठी फॉर्म ८.

सत्यनारायणाची पूजा आणि घर बघायला येणारी मंडळी दहा दिवसांनंतर, एकाच रविवारी, सकाळी नातेवाईक आणि संध्याकाळी मित्र अशी ठेवा. तारीख आधीच कळवली असेल तर अधलेमधले फोन आपोआप थांबतात. रिकामी झालेली खोकी फाडू नका. टेप कापून सपाट करा आणि महिनाअखेरच्या आठवडाभर आधी सोसायटीच्या ग्रुपवर निरोप टाका. तेव्हा कोणाला ना कोणाला ती हवीच असतात.

नमस्कार.