रंधा बाजूला ठेवा

(सांगलीत पक्षी पाळणाऱ्यांच्या एका मेळाव्यात निवृत्त सुतारकाम शिक्षकाने दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, नमस्कार. आयटीआयमधली माझी सगळी नोकरी पोरांच्या हातात रंधा देऊन लाकूड सरळ आणि गुळगुळीत करून घेण्यात गेली. कोपरा गुण्यात आला नाही तर तुकडा परत मिळायचा. आज पिंजऱ्यात पक्ष्याला बसायला लावतात त्या दांडीबद्दल सांगणार आहे, ते त्याच्या उलट आहे, तेव्हा माझा एखादा विद्यार्थी इथं बसला असेल तर त्यानं खुशाल कानात बोटं घालावीत.

पिंजऱ्याबरोबर दुकानातून येते ती दांडी ही अशी असते. लेथवर काढलेली नाहीतर प्लास्टिकची, या टोकापासून त्या टोकापर्यंत एकाच जाडीची. सुतार म्हणून मला हिच्यात खोट काढता येणार नाही. पण हिच्यावर उभं कोण राहणार? आपण दिवसातून दहा वेळा बसतो, टेकतो, रात्री आडवे होतो. पक्षी झोपतो तोसुद्धा उभ्यानं. दांडी सगळीकडे सारखी असली की पंजा दर वेळी त्याच मापानं मिटतो आणि अंगाचा भार तळव्याच्या त्याच दोन-तीन ठिकाणी पडतो. आज, उद्या, वर्षभर.

घरी गेलात की एक करा. पक्षी जाळीला लटकला असताना त्याचा तळवा नीट बघा. त्यावर बारीक बारीक दाणे असतात. निरोगी पायाला ते ठसठशीत दिसतात. मधेच एखादी जागा सपाट, चकचकीत, लालसर झाली असेल तर समजा सुरुवात झाली. पुढे घट्टा पडतो, सूज येते, कातडी फुटते आणि आत जंतू शिरतात. स्टॅफिलोकोकस हा त्यातला नेहमीचा. पक्ष्यांचे डॉक्टर याला पोडोडर्माटायटिस म्हणतात, पाळणारे लोक बम्बलफूट म्हणतात. लाली असताना दांड्या बदलून बरंच सावरता येतं. जखम झाल्यावर मात्र घरगुती मलमं लावत बसू नका, डॉक्टर गाठा.

आता सगळं खापर दांडीवर फोडणंही बरोबर नाही. नुसत्या राळ्या-बाजरीवर आणि सूर्यफुलाच्या बियांवर ठेवलेला पक्षी सुटतो, त्याचं वजन पायावर येतं. अ जीवनसत्त्व कमी पडलं की कातडी कमजोर होते, ते वेगळंच. शेवग्याचा पाला, पालक, गाजर घाला. या विषयावर माझ्यापेक्षा इथल्या डॉक्टरांना विचारलेलं बरं. मी लाकडाचा माणूस.

नखं आपोआप घासली जावीत म्हणून दांडीवर चढवायची काचपेपरची नळी मिळते, ती मात्र मी सरळ काढून फेकायला सांगतो. नख दांडीला टोकानं जेमतेम टेकतं. घासला जातो तो तळवा. सिमेंटची खरबरीत दांडी हवीच असेल तर एक ठेवा, आणि पक्षी झोपतो त्या जागी नको.

मग घ्यायचं काय? फांदी. झाडाची, सालीसकट, वाकडी. पोपटवर्गातल्या पक्ष्यांची दोन बोटं पुढं आणि दोन मागं असतात, छोट्या फिंच पक्ष्याची तीन पुढं आणि एक मागं. दोन्हींची रचना झाडासाठी झालेली आहे आणि कुठल्याच झाडावर दोन वीत एका जाडीचं लाकूड नसतं. बजीला, म्हणजे छोट्या ऑस्ट्रेलियन पोपटाला, अशी फांदी देऊन बघा. आधी चोचीनं गाठ चाचपतो. मग एक पाय गाठीवर, दुसरा खाली बारीक भागावर, अंग तिरपं. थोड्या वेळानं सरकतो आणि पंजा वेगळ्या मापानं मिटतो. नंतर साल सोलायला घेतो आणि चोच तिथंच घासून पुसतो. त्याचा पाय आणि त्याची करमणूक, दोन्ही कामं झाली.

जाडीचा अंदाज सांगतो. पंजानं फांदीचा साधारण दोन-तृतीयांश घेर कवेत घ्यावा. पुढची आणि मागची नखं एकमेकांना भिडली तर फांदी बारीक, पंजा सपाट पसरला तर जाड. दुकानात लव्हबर्ड म्हणून मिळतो तो बहुतेक वेळा बजीच असतो, त्याला 1 ते 2 सेंटिमीटर. तुरेवाल्या कॉकटील पोपटाला दीड ते अडीच. ग्रे पॅरटसारख्या मोठ्या पक्ष्याला तीनच्या पुढं. पण एकच आकडा धरून सगळ्या फांद्या त्याच मापाच्या कापल्यात तर पुन्हा आपण दुकानाच्या दांडीवरच आलो. एक बारीक, एक जाड, एक दुबेळकं असलेली, असं ठेवा.

झाडांमध्ये माझा पहिला नंबर पेरूचा. परसात पेरू नाही असं जुनं घर सांगलीत शोधावं लागेल. लाकूड चिवट आणि घट्ट, लवकर कुरतडून संपत नाही. वरची तांबूस साल पापुद्र्यानं सुटते, खाली हिरवट गुळगुळीत अंग लागतं, त्या पापुद्र्यांशी पक्षी तासन्‌तास खेळतो. अंग जरा निसरडं असतं म्हणून गाठी आणि फाटे असलेला भाग निवडायचा. तुती चालते. निलगिरी तर बजीच्या माहेरची, दोघंही मूळचे ऑस्ट्रेलियाचे. बॉटलब्रश, जास्वंद, कडुनिंब, बांबू हेही चालतात. बांबू फार गुळगुळीत म्हणून मी एखादाच वापरतो, आणि त्याला भुंगा लवकर लागतो. जुनी माणसं बांबू अंधाऱ्या पक्षात तोडायची ती त्याच धास्तीनं. शेवगा ठिसूळ, पक्षी आठवड्यात त्याचा भुसा करतो, पण भुसा करण्यात त्याला आनंद असेल तर आपलं काय गेलं?

तासगाव-कवठेमहांकाळकडच्या दोघा-तिघांनी मला चहाच्या वेळीच गाठून विचारलं, द्राक्षाच्या काड्या चालतील का? प्रश्न रास्त आहे. एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची फळछाटणी झाली की बांधावर काड्यांचे ढीग पडतात, फुकटात. द्राक्षाचं लाकूड पक्ष्याला विषारी नाही. परदेशात वेलीची जुनी खोडं पक्ष्यांसाठी विकत मिळतात. वळणं अशी सुरेख की सुताराला सात जन्मांत जमणार नाहीत.

तरीही माझं उत्तर नाही असं आहे, आणि कारण तुम्ही बागायतदार मंडळी माझ्यापेक्षा चांगलं जाणता. डाउनी या बुरशीसाठी बोर्डो, म्हणजे मोरचूद आणि चुना. भुरी या दुसऱ्या बुरशीसाठी गंधक आणि आणखी काय काय. पिठ्या ढेकूण या किडीसाठी कीटकनाशक. फळछाटणीनंतर डोळे एकसारखे फुटावेत म्हणून काडीला हायड्रोजन सायनामाइडचं पेस्टिंग, म्हणजे लेप. आणि वेलीची साल कशी असते? सुटी, धाग्याधाग्याची. पिठ्या ढेकूण तिच्याखालीच लपतो म्हणून तुम्ही स्वतः खोडाची साल काढता. ढेकणाला जिथं जागा मिळते तिथं औषधालाही मिळते. वर्षानुवर्षं फवारलेलं ते खोड कितीही घासलं तरी आतपर्यंत स्वच्छ होणार नाही, आणि आपला पक्षी तर साल चावणार आहे. तीस-पस्तीस ग्रॅमचा जीव, त्याला डोस किती लागतो? घराच्या मांडवावर हौसेनं चढवलेला, कधी न फवारलेला वेल असेल तर मात्र जरूर घ्या, आणि मलाही एक तुकडा ठेवा.

हेच कृष्णाकाठच्या लाकडाचं. 2019 च्या महापुरानंतर घाटावर, हरिपूरकडं, सुंदर झिजलेली लाकडं येऊन पडली होती. शोभेला उत्तम. पण त्या पाण्यात गटारं होती, शेतातली औषधं होती, पंपांचं तेल होतं. लाकूड स्पंजासारखं पाणी ओढतं. पिंजऱ्यात नको.

फांद्या मिळवायचा चांगला मोसम म्हणजे पावसाळ्याआधीचा. महावितरणची माणसं तारांखालच्या फांद्या छाटत येतात, शेजारीपाजारी अंगणातली झाडं उतरवतात. झाड कोणतं हे पान बघून ठरवा, वाळक्या काठीवरून ओळखायला जाऊ नका. आणि रस्त्याकडेचं झाड कुऱ्हाड घेऊन स्वतः तोडायला निघू नका, महापालिका हद्दीत झाडतोडीला परवानगी लागते. तो कायदा 1975 पासून आहे.

काय टाळायचं ते पाठ करा: कण्हेर, लाल-पांढरी आणि पिवळी दोन्ही. धोतरा, एरंड, रुई, शेर, घाणेरी, अॅव्होकाडो. चीक येणारं झाड दिसलं की मी पुढं जातो. म्हणूनच चाफा घेत नाही. आंब्याबद्दल लोकांची मतं वेगवेगळी आहेत, पण त्याचा चीक माणसाच्या कातडीवर उठतो, तेव्हा मी त्याच्याही वाटेला जात नाही. फर्निचरचे उरलेले तुकडे, प्लायवुड, वाळवीचं औषध मारलेली चौकटीची लाकडं यांचा तर विचारच नको. मिरजेच्या सतारी-तंबोऱ्यांना 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, आपल्याला अभिमान आहे, पण तिथला पॉलिश लागलेला सुबक तुकडा मिळाला तरी तो भिंतीवर लावा.

आता तयारी. फांदी हवी त्यापेक्षा चार बोटं लांब कापा, कारण वाळताना टोकं तडकतात, ती नंतर उडवता येतात. शेवाळ आणि बाहेरच्या पक्ष्यांची विष्ठा ब्रशनं काढा. गरम पाणी आणि थोडा भांडी घासायचा साबण, मग भरपूर साध्या पाण्यानं खळखळून धुवा. त्यानंतर ऊन. मार्च ते मे आपल्याकडचं ऊन फुकट आहे आणि कडक आहे. गच्चीवर विटांवर आडव्या ठेवा, रोज फिरवा, खाली हवा खेळू द्या. श्रावणात कापलेल्या फांदीला गच्चीवरच बुरशी येते, म्हणून घाई नको. किड्यांची अंडी राहिली असतील अशी शंका असेल तर ओव्हनमध्ये 100 अंशांवर तासभर ठेवा, पण समोर उभं राहून. वाळकं लाकूड आहे, पेट घेऊ शकतं. आणि त्या वेळी पक्षी स्वयंपाकघरात नको, एरवीही नकोच. नॉनस्टिक भांडं रिकामं तापलं तर त्याचा धूर माणसाला कळायच्या आत पक्ष्याला मारतो.

वाळलेली फांदी हातात आली की आपला हात रंध्याकडं जातो. जाऊ देऊ नका. कुसळ, टोकदार सल, तुटलेल्या फाट्याचं अणकुचीदार टोक एवढंच कानशीनं मारा. बाकी गाठी, खाचा, साल जशीच्या तशी राहू द्या. वार्निश नाही, रंग नाही, अळशीचं तेल नाही, सांध्याला गोंद नाही. सुंदर दिसावी म्हणून केलेलं प्रत्येक काम इथं पक्ष्याच्या पोटात जातं.

बसवण्याचे दोन प्रकार. बजीच्या बारीक फांदीला दोन्ही टोकांना हॅक्सॉनं खाच पाडा, तारेच्या जाळीत अडकते, खर्च शून्य. खाच तारेच्या जाडीपेक्षा किंचित बारीक ठेवा म्हणजे फांदी फिरत नाही. फिरणाऱ्या फांदीवर पक्षी बसायचं सोडून देतो. जाड फांदीला हँगर बोल्ट लावा: अर्ध्या भागाला लाकडाचे आटे, अर्ध्याला नटाचे. 6 मिलिमीटरच्या बोल्टला आधी साडेचार मिलिमीटरचं भोक पाडा, बरोबर गाभ्यात आणि सरळ, नाहीतर लाकूड चिरतं. मग जाळीच्या दोन्ही बाजूंना मोठा वॉशर आणि बाहेरून पंखनट. हे सगळं सामान स्टेनलेस स्टीलचं मागा. दुकानदार जस्ताचा मुलामा दिलेलं स्वस्तातलं पुढं करतो. पोपटवर्गातला पक्षी नट चाटतो, चावतो, आणि जस्त पोटात गेलं की विषबाधा होते. जी.आय. तारेनं, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या तारेनं, फांदी बांधू नका म्हणतो ते त्यासाठीच.

पिंजऱ्यात मांडताना दाण्याच्या आणि पाण्याच्या वाटीवर फांदी येऊ देऊ नका, एकाखाली एकही नको, नाहीतर वरचा खालच्यावर घाण करतो. झोपायची फांदी सगळ्यांत उंच, भिंतीच्या बाजूला. शेपटी जाळीला घासणार नाही एवढी जागा सोडा, आणि मधे पंख मारायला मोकळं ठेवा. पिंजरा म्हणजे जळणाची मोळी नव्हे. फांदी विष्ठेनं भरली की घासून धुवायची, पूर्ण वाळवूनच परत लावायची, फार कुरतडली की टाकायची. झाड आहे, दुसरी मिळेल.

मघाशी मागून एकांनी विचारलं, आमच्याकडं साधा पोपट आहे, त्याला कुठली फांदी? काका, आपला देशी पोपट आणि मुनिया पाळणं हा 1972 च्या वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे, त्याला फांदी द्यायची नसते, वनखात्याशी बोलायचं असतं. ग्रे पॅरट, मकाव असे विदेशी पक्षी असतील तर 2024 च्या नियमांप्रमाणे केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंद करा. बजी आणि कॉकटील नोंद करायच्या पक्ष्यांत येत नाहीत.

दुसरा प्रश्न ताईंचा: नवी फांदी लावली की पक्षी घाबरून कोपऱ्यात बसतो. सगळ्या दांड्या एका दिवसात बदलल्या असतील, ताई. आधी नवी फांदी पिंजऱ्याच्या बाहेर, त्याला दिसेल अशी दोन-तीन दिवस टेकवून ठेवा. मग खालच्या पातळीवर एक लावा, जुनी झोपायची दांडी तशीच राहू द्या. नव्या फांदीवर बाजरीचं कणीस बांधलंत तर तो खायला म्हणून येतो आणि बसून राहतो. जुनी दांडी सगळ्यांत शेवटी काढा.

टेबलावर पेरूच्या आणि तुतीच्या वाळलेल्या फांद्या ठेवल्या आहेत, न फवारलेल्या. शेजारी व्हर्नियर आहे, पोरांनो, जाडी मोजून घ्या. हॅक्सॉ एकच आहे, तेव्हा रांगेनं.