नऊ नंबर

नागपूरजवळ कन्हान नदी ओलांडली की रुळांलगत ही पडीत जमीन लागते. फुटबॉलचा गोलपोस्ट म्हणजे दोन बांबू आणि वर आडवी दोरी. दोरीला कोणीतरी धोतराची चिंधी बांधलीय, चेंडू वरून गेला की खालून यावरचं भांडण मिटावं म्हणून. मिटत नाही, ते वेगळं.

पावसाळ्यात इथली काळी माती तळव्याला अशी चिकटते की पाय उचलत नाही. खेळ रंगतो तो थंडीत, कापसाच्या वेचणीत.

अशाच वेचणीच्या दिवसांत, १ डिसेंबर १९५६ ला, मुंबईचा सेंटर फॉरवर्ड, म्हणजे नऊ नंबरच्या जागेवरचा, नेव्हिल डिसूझा मेलबर्न ऑलिम्पिकमध्ये यजमान ऑस्ट्रेलियासमोर उतरला. नवव्या मिनिटाला गोल. ऑस्ट्रेलियानं फेडला. तेहेतिसाव्याला दुसरा. तोही फेडला. पन्नासाव्याला तिसरा, आणि हा मात्र फिटला नाही. भारत ४, ऑस्ट्रेलिया २. ऑलिम्पिक फुटबॉलमध्ये हॅटट्रिक करणारा तो पहिला आशियाई खेळाडू.

बरोबर महिनाभर आधी, १ नोव्हेंबरला, विदर्भ मुंबई राज्यात आला होता. म्हणजे कागदोपत्री का होईना, नेव्हिल आपल्याच राज्याचा. कापसाच्या ओळीत वाकलेल्या कुणाला तेव्हा हे सुचलं असेल, असं काही वाटत नाही.

उपांत्य सामन्यात युगोस्लाव्हियाविरुद्ध पहिला गोल पुन्हा त्याचाच. नंतर मात्र ४-१ अशी हार. कांस्यपदकही बल्गेरियानं नेलं. भारत चौथा. नेव्हिलचे गोल ४. स्पर्धेत त्याहून जास्त कुणाचेच नव्हते.

आणि हे सगळं हौशी खेळाडूचं. तेव्हा ऑलिम्पिकमध्ये खेळायचे पैसे घेतलेला चालत नसे. पोटासाठी नोकरी, नोकरी सांभाळून मैदान. १९८० साली तो गेला, पन्नाशीही गाठली नव्हती.

इथला नऊ नंबरवाला पोट्टा सकाळी वेचणीवर असतो. बोंडाच्या वाळक्या टोकांनी बोटं ओरबाडलेली. त्याला नेव्हिलचं नाव विचारलं.

"कोणत्या क्लबचा जी?"

मागून हावड्याची गाडी धडधडत गेली. मुंबई आणि कलकत्ता, त्या काळच्या फुटबॉलची दोन मोठी गावं, याच रुळांनी जोडलेली. गाडीच्या आवाजात माझं उत्तर त्याला ऐकू गेलं नाही. चेंडू आला, तो पळाला, मारला.

चिंधी हलली. वरून की खालून?