टायर आतून कोण खातं?

(दृश्य: अंबड औद्योगिक वसाहत, सकाळ. रॅम्पवर पांढरी स्विफ्ट. कॅमेरा पुढच्या डाव्या चाकाजवळ.)

टायर बाहेरून बघा. नक्षी शाबूत आहे, अजून वर्षभर सहज चालेल असं वाटतं. आता हात मागे घाला. आतल्या कडेचं रबर संपलंय आणि तारा बोटाला टोचतायत. टायर घेऊन सहा महिनेही झालेले नाहीत.

गाडी नाशिकच्याच एका पोराची. स्प्रिंगा बदलून ती ४० मिलिमीटर खाली बसवलीय. कंपनीने जमिनीपासून १६३ मिलिमीटर उंची दिली होती, त्यातले ४० गेले. कॉलेज रोडवर संध्याकाळी ती जशी दिसावी असं त्याला वाटत होतं, तशी दिसते, त्यात वाद नाही. कायद्याचं काय, हा प्रश्न निराळा. मोटार वाहन कायदा, १९८८ मधलं कलम ५२ गाडीतल्या फेरफारांबद्दलच आहे, आणि स्प्रिंगा विकत घेण्याआधी ते वाचलेलं बरं.

पोरगा म्हणतो, "अण्णा, कॅम्बर जास्त झालाय ना? म्हणून आतून खातोय."

अण्णा, म्हणजे या वर्कशॉपचे मिस्त्री, टायर फिरवून पाहतात. रबरावरून तळहात आधी एका बाजूने फिरवतात, मग उलट. एका बाजूने गुळगुळीत लागतं, दुसऱ्या बाजूने करवतीसारखं.

"कॅम्बरनं असं दात येत नाहीत, बाळा. हे 'टो'चं काम आहे."

चाक समोरून पाहिलं की ते आत किंवा बाहेर झुकलेलं दिसतं, तो कॅम्बर. वरून पाहिलं तर दोन्ही चाकांची तोंडं एकमेकांकडे वळलेली की एकमेकांपासून फाकलेली, तो टो. कॅम्बर डोळ्यांना दिसतो, फोटोत येतो, म्हणून सगळे त्याच्याबद्दलच बोलतात. टो दिसत नाही. पैसे मात्र तोच खातो.

गाडी खाली बसवली की टो का बिघडतो, हे अण्णा दोन पाने हातात धरून दाखवतात. एक पाना म्हणजे लोअर आर्म, चाकाला खालून गाडीशी जोडणारा दांडा. दुसरा टाय रॉड, स्टेअरिंगच्या इशाऱ्यावर चाक वळवणारा. दोघांची लांबी वेगळी, बिजागऱ्या वेगळ्या जागी. गाडी खाली आली की दोघंही आपापल्या वर्तुळात वर जातात, आणि ती वर्तुळं जुळत नाहीत. जो फरक उरतो तेवढं चाकाचं तोंड वळतं. ते आत वळेल की बाहेर, हे स्टेअरिंग रॅक, म्हणजे टाय रॉड ढकलणारी दातेरी पट्टी, कुठे बसवलाय आणि टाय रॉड किती तिरपा झालाय त्यावर. या गाडीत ते बाहेर गेलंय. चाक वरून आत झुकलेलं, आणि त्यात भर म्हणून तोंड बाहेर. सगळा घास आतल्या कडेच्या वाट्याला आला.

(दृश्य: चाकांचे कोन मोजणाऱ्या मशीनचा पडदा. लाल आकडे.)

पुढच्या प्रत्येक चाकाचा टो १८ मिनिटं बाहेर. एक अंश म्हणजे ६० मिनिटं, तेव्हा हे अर्ध्या अंशाहूनही कमी. ऐकायला किरकोळच. पण हिशेब करा. एवढ्या तिरप्या चाकाला सरळ चालायला लावलं, तर ते दर किलोमीटरला पाच मीटर आडवं घासत जातं. नाशिकहून कसारा घाट उतरून मुंबई गाठेपर्यंत आठशे मीटरच्या वर. गाडी सरळ मुंबईला गेली खरी, टायर मात्र तेवढा बाजूला चालून आला.

"पण अण्णा, गाडी ओढत तर नाही कुठं."

"दोन्ही चाकं सारखीच वाकडी असल्यावर ओढणार कुणीकडं?"

मशीनला हात लावण्याआधी अण्णा खाली शिरतात. लोअर आर्मचे बोल्ट सैल करतात, गाडी जमिनीवर घेतात, दोन-चारदा दाबून हलवतात, आणि मगच बोल्ट आवळतात. स्प्रिंगा बसवणाऱ्याने ते चाकं लोंबकळत असताना आवळले होते. त्यामुळे आर्मच्या सांध्यातल्या बुशचं रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. यंत्राच्या पडद्यावर हे कुठेच दिसत नाही. मला विचाराल तर आजच्या दिवसातलं सगळ्यात मोलाचं काम हेच.

मग टायरमधली हवा. मग ड्रायव्हरच्या सीटवर वजन म्हणून पोरालाच बसवतात. नव्या स्प्रिंगा दोन-चारशे किलोमीटर चालून बसल्याशिवाय अण्णा अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन जुळवणं, करत नाहीत. इथे तो प्रश्न नव्हता, टायर खाऊन झाला होता.

मागचं आधी तपासायचं. मागे टॉर्शन बीम आहे, म्हणजे दोन्ही चाकांना जोडणारी एकच आडवी तुळई, फिरवायला बोल्टच नाही. आकडे बरे निघाले, सुटलो. नाहीतर शिम, म्हणजे पातळ चकती, घालावी लागते. कॅस्टरकडे, म्हणजे चाक ज्या अक्षावर वळतं त्याच्या पुढे-मागे झुकावाकडे, एक नजर, बस्स.

पुढच्या चाकांत डावा कॅम्बर उणे १ अंश ४० मिनिटं, उजवा उणे १ अंश. उणे म्हणजे चाक वरून आत झुकलेलं. कंपनीच्या बोल्टात यासाठी सोय नाही, म्हणून स्ट्रटच्या, म्हणजे स्प्रिंग धरणाऱ्या खांबाच्या, खाली कॅम्बर बोल्ट लागतो. बारीक, मध्ये फुगीर. फिरवला की चाक झुकतं. दोन्ही बाजू उणे सव्वा अंशाच्या आसपास आणल्या. रोजच्या गाडीला एवढा झुकाव पुष्कळ, आणि दोन्हींकडे सारखा असणं त्याहून महत्त्वाचं.

टो शेवटी, कारण कॅम्बर हलला की टो हलतोच. स्टेअरिंग सरळ बांधून ठेवायचं, टाय रॉड पक्के धरणारे लॉकनट सोडायचे आणि दोन्ही टाय रॉड थोडेथोडे फिरवायचे. अण्णांची नजर पडद्यावर, हात पान्यावर. पाव फेरा. थांबा. आणखी अर्धा पाव. दोन्ही चाकं मिळून ५ मिनिटं आत. लाल आकडे हिरवे होतात, पण अण्णा लॉकनट आवळून पुन्हा आकडा बघतात. आवळताना रॉड फिरतो, म्हणाले.

(दृश्य: गाडीच्या आतून. गरवारे पॉइंट, पुढे विल्होळीकडे जाणारा महामार्ग.)

पोरगा स्टेअरिंगवरची पकड जराशी सैल करतो. गाडी आपली रेघ सोडत नाही. पुढचे दोन टायर नवे आहेत, आणि त्याच्या चेहऱ्यावर त्यांचं बिल अजून दिसतंय.

परत येताना वर्कशॉपच्या गल्लीतला स्पीडब्रेकर. पोरगा गाडी तिरकी घेतो, जवळजवळ थांबवतो, श्वास रोखतो.

खर्रर्र.

अण्णा खिडकीतून बाहेर बघत म्हणतात, "ह्याला माझ्याकडं पाना नाही."