पॅच कधी शोधायचे, कधी बसवायचे? आपल्या ऑफिसचं घड्याळ बघून लावा वेळापत्रक

राम राम मंडळी.

ऑफिसात वीस, चाळीस, साठ संगणक आहेत आणि ते सांभाळायला एकटा माणूस आहे, त्याच्यासाठी आजचा व्हिडिओ. पॅच म्हणजे सॉफ्टवेअरमधली फट बुजवणारं अपडेट, ते कधी शोधायचं आणि कधी बसवायचं ते बघू. जळगाव एमआयडीसीतली डाळ मिल घ्या, धुळ्याची पतसंस्था घ्या, नाहीतर शहाद्याचं कॉलेज. संध्याकाळी शेवटचा माणूस निघतो आणि मेन स्विच खाली करून जातो. आणि विंडोजच्या ग्रुप पॉलिसीत, म्हणजे सगळ्या मशीनना एकत्र नियम लावायच्या सेटिंगमध्ये, अपडेट आपोआप बसवण्याची वेळ आधीपासून भरलेली असते पहाटे ३ ची! पहाटे ३ ला आपल्याकडे मशीनच बंद. मग अपडेट एकतर लटकून राहतं, नाहीतर सकाळी काउंटरवर माणसं उभी असताना सुरू होतं. मग साहेब म्हणतात, बंद करून टाक ते अपडेट. आणि ते बंद होतं, कायमचं.

मला हे बघवत नाही. १४ मार्च २०१७ ला मायक्रोसॉफ्टने एमएस१७-०१० नावाचा पॅच दिला. वॉनाक्राय, म्हणजे फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारं सॉफ्टवेअर, पसरलं १२ मे ला. मध्ये ५९ दिवस होते. इंग्लंडच्या सरकारी रुग्णालयांना ठरलेल्या तपासण्या आणि शस्त्रक्रिया रद्द कराव्या लागल्या, आणि ज्या फटीतून ते घुसलं ती बुजवणारा पॅच आधीच आलेला होता.

आता कामाचं. पॅच शोधणं आणि पॅच बसवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, दोघांना वेगळी वेळ द्या. शोधणं, म्हणजे स्कॅन, हे हलकं काम. कोणाचं काही अडत नाही. ते रोज होऊ द्या, सकाळी ११ च्या सुमारास, सगळी मशीन चालू असतात तेव्हा. डब्ल्यूएसयूएस, म्हणजे ऑफिसातच अपडेट वाटणारा मायक्रोसॉफ्टचा सर्व्हर, वापरत असाल तर मशीन साधारण दर २२ तासांनी सर्व्हरला विचारतं, आणि त्यातून २० टक्क्यांपर्यंत वेळ आपोआप कमी होते, प्रत्येकाची वेगळी, म्हणजे सगळी एकदम सर्व्हरवर तुटून पडत नाहीत. पॅच सांभाळायला दुसरं टूल वापरत असाल आणि त्यात अशी सोय असेल तर ती चालू ठेवा.

(स्क्रीनवर: ऑक्टोबर २०२५ चं कॅलेंडर)

बसवण्याच्या तारखेत एक खड्डा आहे, तो नीट बघा. मायक्रोसॉफ्टचे महिन्याचे पॅच येतात दुसऱ्या मंगळवारी. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर सकाळचे १० वाजतात तेव्हा आपल्याकडे रात्रीचे साडेदहा, हिवाळ्यात साडेअकरा. म्हणजे आपल्या हातात येतात बुधवारी. म्हणून बरेच जण शेड्यूलमध्ये ‘दुसरा बुधवार’ निवडतात. आता ऑक्टोबर २०२५ बघा. १ तारीख बुधवारी. दुसरा बुधवार ८ ला, आणि दुसरा मंगळवार १४ ला! पॅच यायच्या सहा दिवस आधी तुमचं शेड्यूल चालून गेलं, काही सापडलं नाही, आणि पुढचा महिनाभर तुम्ही निर्धास्त. शेड्यूल नेहमी ‘दुसऱ्या मंगळवारनंतर इतके दिवस’ असंच लावा. टूलमध्ये ती सोय नसेल तर तारीख दर महिन्याला हाताने टाका, पण दुसरा बुधवार नको.

मग सगळ्या मशीनवर पॅच आल्यानंतरच्या त्या बुधवारीच सोडायचं का? नाही. १९ जुलै २०२४ आठवा. क्राउडस्ट्राइकचं एक सदोष अपडेट जगभर एकदम गेलं आणि सुमारे ८५ लाख विंडोज मशीन निळ्या पडद्यावर अडकली. तो विंडोजचा पॅच नव्हता, सुरक्षा सॉफ्टवेअरचं अपडेट होतं, पण टप्प्याटप्प्याने का सोडायचं ते त्यातून कळतं. बुधवारी दोन-तीन मशीन घ्या, त्यात एक तुमचं स्वतःचं, आणि एक असं की ज्याला प्रिंटर जोडलाय आणि ज्यावर टॅली चालतं. दोन दिवस बघा. मग बाकीचे गट.

गट कसे पाडायचे, यात आपल्या भागाची माहिती कामाला येते. अकाउंट्सची मशीन वेगळी काढा. ११ तारखेला जीएसटीआर-१, २० तारखेला ३बी ही जीएसटीची रिटर्न भरायची असतात, आणि दुसरा मंगळवार येतो ८ ते १४ च्या मध्येच. मंगळवार ८ ला आला तर अकाउंट्सला १२ नंतर द्या. १४ ला आला तर सरळ २० उलटू द्या. जिनिंगमध्ये वजनकाट्याचा संगणक हा एकट्याचाच गट. दिवाळीनंतर कापसाच्या गाड्यांची रांग लागते, तेव्हा त्या मशीनला आपोआप रीस्टार्टची परवानगी देऊच नका. तिथे माणूस जाऊन, गाडी काट्यावर नसताना, हाताने करेल. मात्र एखाद्या फटीवर हल्ले सुरू झाल्याचं सर्ट-इनने, म्हणजे केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने, सांगितलं, तर हे सगळं बाजूला ठेवून त्याच दिवशी जेवणाच्या सुट्टीत बसवा, अकाउंट्सलासुद्धा.

जेवणाची सुट्टी मी मुद्दाम म्हणतोय. मशीन चालू, माणूस खुर्चीवर नाही, अशी वेळ आपल्या ऑफिसात तीच. संध्याकाळची वेळ बाकी वर्षभर चालेल, पण मे संपताना आणि जूनमध्ये टाळा. दुपारनंतर वादळी वारा सुटतो, रावेर-यावलकडे केळीच्या बागा आडव्या होतात, लाईट जाते. अपडेट अर्धं झालेलं असताना लाईट गेली आणि यूपीएसची बॅटरी मेलेली असली, तर ते मशीन पुन्हा उभं करण्यात दिवस जातो. एप्रिलमध्येच बॅटऱ्या तपासून घ्या.

डाउनलोडचं थोडक्यात. १ जीबीचं अपडेट गुणिले ४० मशीन म्हणजे ४० जीबी. विंडोजच्या डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन या सेटिंगमध्ये ‘लोकल नेटवर्क’ निवडलं की मशीन एकमेकांकडून तुकडे घेतात, बाहेरची लाइन मोकळी राहते. डाउनलोड दिवसभर हळूहळू, बसवणं मात्र ठरलेल्या वेळेत.

आणि रीस्टार्ट. बहुतेक विंडोज पॅच रीस्टार्टशिवाय लागूच होत नाहीत. ‘आम्ही तर रोज शट डाउन करतो’ असं लोक सांगतात, पण फास्ट स्टार्टअप, म्हणजे मशीन लवकर सुरू व्हायची विंडोजची सोय, चालू असेल तर साध्या शट डाउनमध्ये विंडोज पूर्ण बंद होत नाही. टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स, तिथे सीपीयू उघडा आणि अप टाइम, म्हणजे विंडोज किती वेळ सलग चालू आहे, ते बघा. रोज बंद होणाऱ्या मशीनचा अप टाइम कित्येक दिवसांचा दिसेल. म्हणून माणसाला पुढे ढकलायची मुभा द्या, पण तीन दिवसांची मुदत घाला, आणि मुदत संपली की रीस्टार्ट.

रिपोर्ट बघताना ‘इन्स्टॉल्ड’ आणि ‘रीस्टार्ट बाकी’ हे दोन आकडे वेगळे वाचा. शेवटचा स्कॅन कधी झाला तो कॉलमही बघा. महिनाभर स्कॅनच न झालेलं मशीन बहुतेक मागच्या खोलीत, डिस्पॅचच्या टेबलावर सापडतं. विंडोज १० ची मशीन तर वेगळीच मोजा. १४ ऑक्टोबर २०२५ ला त्याचा नेहमीचा सपोर्ट संपला. पुढच्या सुरक्षा अपडेटसाठी नोंदणी केली नसेल तर महिन्याचे पॅच येतच नाहीत, मग स्कॅनला काही सापडणार नाही आणि यादी हिरवी दिसेल. ती हिरवी यादी साहेबांना दाखवू नका, नवीन मशीनची मागणी दाखवा.

तुमच्याकडे किती मशीन आहेत, काम कोणत्या महिन्यात चढतं आणि मेन स्विच किती वाजता पडतो, हे कमेंटमध्ये लिहा. तुमच्या ऑफिसला कोणती वेळ बसेल ते आपण तिथेच ठरवू.