आडनाव सांगा, मग खोली बघा

बांबूच्या कामट्या सुतळीनं बांधल्या, त्यावर रद्दी पेपर खळीनं चिकटवले, रंग मारला की बडग्या, म्हणजे मिरवणुकीतला टिंगलीचा पुतळा, तयार. गळ्यात पाटी. गल्लीतले पोट्टेच हे करतात, कलेची पदवी कोणी विचारत नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबती, म्हणजे काळी आणि पिवळी असे मोठे पुतळे, मिरवणुकीनं निघतात, सोबत हे बडगे. काळीची प्रथा १८८१ पासूनची, पिवळीची १८८५ पासूनची. ‘घेऊन जा गे मारबत!’ या आरोळीत रोगराईसोबत महागाईची, भ्रष्टाचाराची, पुढाऱ्यांचीही धिंड निघते.

आता लंडन, जुलै १९७६. मार्क पेरी नावाचा बँकेतला कारकून टाइपरायटर आणि स्केचपेन घेऊन ‘स्निफिन ग्लू’ हे पंक संगीताचं पत्रक काढतो. खाडाखोड तशीच, चुका तशाच. (बँकेच्या परीक्षेला बसलेल्या पोरांनी हे घरी सांगू नये.) पंकचं सारं यात आलं: गिटारचे तीन कॉर्ड पुरतात, नीट येत नसलं तरी वाजवा, परवानगी मागत बसू नका. पुढच्याच वर्षी राणीच्या राज्यारोहणाचा रौप्यमहोत्सव चालू असताना सेक्स पिस्टल्स या पंक बँडनं थेट राणीवरच गाणं काढलं. बीबीसीनं ते वाजवायला नकार दिला, तरी विक्रीच्या यादीत ते दुसऱ्या क्रमांकावर पोचलं.

पण पंकवाली पोरं कपड्यांना सेफ्टी पिना लावायची, त्या त्याच १९७७ मध्ये फॅशन डिझायनर झँड्रा ऱ्होड्सच्या उंची पोशाखांवरही झळकल्या. बंडाचाही गणवेश झाला!

बडग्यालाही हा रोग लागतो. सीमेपलीकडच्या शत्रूचा बडग्या सोपा, सगळेच टाळ्या वाजवतात. ज्यानं मंडळाला भरघोस वर्गणी दिली, त्याचा बनवून दाखवा बरं.

तसं प्रश्न विचारायला नागपूरला लंडनची शिकवणी नको. १४ ऑक्टोबर १९५६ ला दीक्षाभूमीवर बाबासाहेबांनी २२ प्रतिज्ञा दिल्या. त्यांची सुरुवातच ‘मानणार नाही’ अशी आहे. त्या धाडसाशी गिटारची बरोबरी करू नये, आम्हीही करत नाही.

पण इथं नागपुरात, एका घराच्या वरच्या खोलीत पंक वाजवणाऱ्या चौघा पोरांना विषय तिथूनच मिळालाय. भाड्यानं खोली बघायला गेलं की घरमालक नाव विचारतो. नाव सांगितलं की, ‘पूर्ण नाव?’ मग, ‘नाही, आडनाव?’ या तीन प्रश्नांचं त्यांनी गाणं केलंय. ध्रुवपद एवढंच: ‘काऊन जी, खोली आडनावाला देता का?’

सरावाच्या या खोलीचे मालकही त्यांना हेच विचारून गेले होते. ते खालीच राहतात. ड्रमर म्हणतो, ‘दार लावू नको बे, ऐकू दे त्यांना.’